अप्पांच्या वह्या आणि हरिश्चंद्रगड

प्रश्न : माझे वडील, आमचे अप्पा, गेल्या भाद्रपदात गेले. टपाल खात्यात नोकरी केली, पण जीव सगळा सह्याद्रीत. शनिवारी ड्युटी संपली की सॅक पाठीला लावून थेट एसटी स्टँड गाठायचे. हरिश्चंद्रगडावर तर इतक्यांदा गेले की पायथ्याच्या पाचनई गावात त्यांना नावानं ओळखायचे. आता वर्षश्राद्ध जवळ आलंय. धाकटा भाऊ म्हणतो, गडावर देवळापाशी त्यांच्या नावाची संगमरवरी पाटी लावू आणि माथ्यावर झाडं लावू. आई म्हणते, त्यांना हे आवडलं नसतं. घरात त्यांच्या भटकंतीच्या वह्या, फोटोंचे जुने रोल आणि एक दोर आहे. या सगळ्याचं काय करावं? अप्पांची आठवण जपायची तर नेमकी कशी?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, आधी पाटीचं सांगते. आईंचं ऐका. हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ, तिथल्या लेणी, केदारेश्वराची गुहा हा सगळा आपला शेकडो वर्षांचा ठेवा आहे. संरक्षित स्मारकाला इजा करणं हा 1958 च्या कायद्यानं गुन्हा आहे. 2010 च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, म्हणजे वनखात्याला विचारल्याशिवाय तिथं खड्डासुद्धा खणता येत नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी, जो माणूस आयुष्यभर गडावर गेला आणि काही मागे न ठेवता उतरला, त्याचं नाव तिथं दगडात कशाला?

झाडांबद्दल भावाचा हेतू चांगला आहे, जागा चुकते आहे. गडमाथ्यावर कातळावर मातीचा जेमतेम थर असतो. ते पठार ओसाड नाही. भाद्रपदात सोनकीनं पिवळं होतं, तेरडा फुलतो, उतारावरची कारवी सात वर्षांनी एकदा बहरते. तिथं बाहेरची रोपं नेऊन लावली तर ती चैत्रापर्यंत वाळतात, आणि जगलीच तर या फुलांची जागा खातात. झाड लावायचंच असेल तर पाचनईत अप्पांच्या ओळखीच्या घरी जाऊन विचारा. त्यांच्या बांधावर एखादा हिरडा, एखादी जांभूळ. मात्र वैशाखात गावातल्या बायका लांबून पाणी आणतात, तेव्हा त्या रोपाला पाणी कोण घालणार हे आधी ठरवा, आणि त्याचा खर्च तुम्ही उचला.

आता वह्या. माझ्या मते तुमच्या घरातली सगळ्यात मोलाची वस्तू तीच आहे. अशा वह्यांमध्ये काय असतं ते मला माहीत आहे, माझे वडीलही डोंगरातलेच. कोणती गाडी किती वाजता, कोणत्या महिन्यात कुठल्या टाक्यात पाणी होतं, तोलार खिंडीत वाट कुठं फुटते, कुणाच्या पडवीत झोपलो, भाकरी कुणी दिली. यातल्या कितीतरी वाटा आता झाडोऱ्यानं बुजल्यात. गडाच्या कोकणकड्यावर पाठीशी ऊन आणि समोर दरीत ढग असले की इंद्रवज्र दिसतं, गोल इंद्रधनुष्य आणि मधोमध आपली सावली. शेजारी उभ्या असलेल्यालाही ते स्वतःच्याच डोक्याभोवती दिसतं. अप्पांना ते कधी दिसलं असेल तर तारीख आणि वेळ वहीत नक्की असेल, शोधा.

वह्यांना लॅमिनेशन अजिबात करू नका, कागद कायमचा अडकतो. गंजलेल्या टाचण्या हळूच काढा. खिडकीजवळच्या उजेडात एकेका पानाचे मोबाइलवर फोटो घ्या, पान सपाट धरून, आणि दोन ठिकाणी ठेवा. रोल स्कॅन करून घ्या. मूळ वह्या सुती कापडात गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत पावसाळ्यात दमटपणा कोंडतो.

पण वह्यांपेक्षाही घाईचं काम वेगळंच आहे. अप्पांबरोबर चालणारी माणसं. तीही आता सत्तरीच्या पुढं असतील. त्यांना भेटा, मोबाइलवर रेकॉर्ड करा, आणि ‘अप्पा कसे होते?’ असं विचारू नका. त्याला सगळे ‘देवमाणूस’ एवढंच म्हणतात. विचारा : पाणी संपलं तेव्हा काय केलंत? रात्री कोण घोरायचं? त्यांच्या सॅकमध्ये काय काय असायचं? माझे वडील गेल्यावर मी त्यांच्या एका जोडीदाराला असंच विचारलं. तो म्हणाला, ‘आठवडाभराची वर्तमानपत्रं. पायथ्याच्या शाळेत गुरुजींना द्यायचे.’ आमच्या घरात रद्दी कधीच साचत नसे, आणि आई म्हणायची, ह्यांना टापटीप फार. मला त्या दिवशी माझ्या वडिलांबद्दल नवीन काही कळलं, ते गेल्यानंतर.

वर्षश्राद्ध आईंच्या मनासारखं घरीच होऊ द्या. तिथीनंतर पाऊस जरा ओसरला की सगळे पाचनईला जा. पाचनईची वाट त्यातल्या त्यात सोपी आहे, धाकट्यांना जमेल. आईंना वर जाणं झेपणार नाही, पण अप्पा ज्या घरी जेवायचे त्या घरी त्या दुपारभर बसू शकतात, आणि त्या बायकांकडून आईंना जे ऐकायला मिळेल ते तुम्हाला कुठल्याही वहीत सापडणार नाही. जाताना तांदूळ, चहा, साखर घेऊन जा. मंगळगंगेचं पाणी गडावरून त्याच गावाकडे येतं. हात जोडायचे तर तिथं जोडा.

राहिला दोर. भावाला आवडला तर घरात ठेवू द्या, पण त्यावर कुणालाही चढू-उतरू देऊ नका. नायलॉन न वापरताही कमजोर होत जातं, आणि दहा वर्षांवरच्या दोरावर भार टाकणं धोक्याचं आहे. अप्पा असते तर त्यांनीच तो कापून कपडे वाळत घालायला दिला असता.