मोदक, दशांश आणि रमाबाईंची आठ वर्षं

प्रिय बेटा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझं पत्र मिळालं. एवढं लांब पत्र हल्ली कुणी लिहीत नाही, म्हणून आधी आनंदच झाला. वाचत गेलो तशी काळजी वाटू लागली.

मुख्य प्रश्न तू शेवटच्या ओळीत विचारला आहेस. मी तिथूनच सुरुवात करतो. गणपतीत रूममेटनं पुढे केलेला मोदक तू घेतला नाहीस, उठून गॅलरीत गेलीस, आणि तरी रात्रभर तुला चैन पडली नाही. घेतला असता तर पाप लागलं असतं का, असं तू विचारतेस.

करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीनं प्रेषित पौलाला जवळपास हेच विचारलं होतं. तिथल्या बाजारात देवळात वाहिलेल्या पशूंचं मांसही विकायला येई. ते खावं की नाही? पौलानं एका ओळीत हो किंवा नाही सांगून टाकलं असतं तर आमच्यासारख्या शिकवणाऱ्यांचं काम किती हलकं झालं असतं! त्यानं त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातले आठ ते दहा असे तीन अध्याय घेतले. मूर्ती काहीच नाही, अन्नामुळे आपण देवाजवळ जात नाही आणि न खाल्ल्यानं आपलं काही कमी होत नाही, हे त्यात आहे. प्रभूच्या मेजावर आणि भुतांच्या मेजावर एकाच वेळी बसता येत नाही, हेही त्यात आहे, आणि चांगल्या कडक शब्दांत आहे. बाजारात मिळेल ते चौकशी न करता खा, पण 'हे नैवेद्याचं आहे' असं कुणी मुद्दाम सांगितलं तर त्या सांगणाऱ्यासाठी खाऊ नका, असंही तो म्हणतो. आपल्याकडच्या पाळकांचं यावर एकमत नाही. कुणी आठव्या अध्यायावर बोट ठेवतं, कुणी दहाव्या. मी स्वतः प्रसाद म्हणून दिलेलं घेत नाही, घरचं गोडधोड म्हणून दिलेलं आनंदानं खातो. तू वेगळं ठरवलंस तरी माझी हरकत नाही.

मला खटकलं ते दुसरंच. मोदकाबद्दल तू पानभर लिहिलं आहेस, पण ती मुलगी कुठली, मोदक तिनं स्वतः केले होते की घरून आले होते, तू उठून गेल्यावर तिचं काय झालं, याबद्दल एक अक्षर नाही. पौलाची नजर त्या तीनही अध्यायांत शेजारी बसलेल्या माणसावरून हलत नाही. तुझी नजर सगळा वेळ स्वतःवर होती. "मी प्रसाद घेत नाही गं, पण बसते तुझ्याजवळ," एवढं म्हणून तुला तिथंच थांबता आलं असतं. तेही जमलं नाही, कारण तू घाबरली होतीस. कुणाला घाबरली होतीस, हे मात्र तू लिहिलेलं नाहीस.

आता तुझ्या त्या वहीबद्दल. पहाटेची प्रार्थना, रोजचे तीन अध्याय, शुक्रवारचा उपास, पगार झाल्याबरोबर बाजूला काढलेला दशांश (कमाईचा दहावा भाग), आणि प्रत्येकापुढे बरोबरची खूण. एखादी पहाट चुकली की रात्री दुप्पट वेळ गुडघे टेकून भरपाई. बेटा, ही किराणा दुकानातली उधारीची वही झाली. यातली एकही गोष्ट वाईट नाही, पण तू ती देणेकऱ्यासारखी करते आहेस.

परूश्यांबद्दल आपल्या उपदेशांत फार सवंग बोललं जातं, ते मला कधी आवडलं नाही. ढोंगी म्हटलं की झालं, असं नसतं. त्या काळच्या यहुदी समाजात शास्त्र सर्वांत मनावर घेणारी ती माणसं होती. मंदिरातल्या दाखल्यातला परूशी आठवड्यातून दोनदा उपास करतो म्हणतो, आणि तो खोटं बोलतो असं येशू कुठंही म्हणत नाही. पुदिना, शेप आणि जिरे यांचासुद्धा दशांश देणाऱ्यांना येशू काय म्हणाला ते मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात पाहा. न्याय, दया आणि विश्वास या मोठ्या गोष्टी तुम्ही सोडल्या, या करायच्या होत्या आणि त्याही सोडायच्या नव्हत्या. पुदिन्याचा दशांश बंद करा, असं तो म्हणाला नाही.

बांगड्या घालाव्यात की नाही, टिकली लावावी की नाही, सिनेमा पाहावा की नाही, हे तुमच्या फेलोशिपमधले, म्हणजे प्रार्थनागटातले, वाद मी बाजूला ठेवतो. त्यांत वेळ घालवण्याइतकं त्यांत काही नाही.

पंडिता रमाबाईंबद्दल मात्र सविस्तर लिहायचं आहे. निराधार स्त्रियांसाठी त्यांनी उभारलेलं मुक्ती मिशन आणि ते जिथं आहे ते केडगाव, एवढं तुला माहीत असेल. त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट आपण व्यासपीठावरून फारशी सांगत नाही.

रमाबाई ज्या घरात वाढल्या तिथं धर्म अत्यंत प्रामाणिकपणे पाळला जात होता. वडील अनंतशास्त्री डोंगरे, मोठे विद्वान. तीर्थयात्रा, व्रतं, उपास, दानधर्म, शास्त्रात सांगितलेलं सगळं त्या कुटुंबानं केलं, जवळचा पैसा संपेपर्यंत केलं. 1874 मध्ये दुष्काळात काही महिन्यांच्या अंतरानं आईवडील दोघंही गेले. पुढे त्या इंग्लंडला गेल्या, आणि 1883 मध्ये वाँटेज इथं त्यांचा आणि त्यांच्या लहानग्या मुलीचा, मनोरमेचा, बाप्तिस्मा झाला. इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात.

त्यानंतर तिथल्या मठातल्या भगिनींशी त्यांचे खटके उडाले. चर्चचा अधिकार किती मानायचा, अमुक मतांगीकार (चर्चनं ठरवलेली श्रद्धेची कबुली) शब्दशः का म्हणायचा, यावर त्यांची पत्रापत्री झाली. त्यांच्या शाकाहारावरूनही बोलणं झालं. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं हवीत असं तिकडचं म्हणणं, तर लॅटिन आपल्या संस्कृतपेक्षा पवित्र कशावरून, असा यांचा सवाल. मला या पत्रव्यवहारातल्या रमाबाई फार आवडतात. त्या वयात, परक्या देशात, ज्यांच्या आश्रयाला राहायचं त्यांच्याशी इतक्या ताठ मानेनं बोलणं सोपं नव्हतं. तुझ्या पिढीला त्या एवढ्यासाठीच भावतील. आणि त्यांचं बरोबरही होतं.

पण 1907 मध्ये छापलेल्या आपल्या साक्षीत त्या स्वतःच लिहितात की, बाप्तिस्म्यानंतर तब्बल आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, की त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडलेला नव्हता. त्या आठ वर्षांत काय काय झालं होतं ते पाहा. अमेरिकेचा दौरा, विधवांसाठी निधी, 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन, मग ते पुण्याला हलवणं. आपल्यापैकी कुणाच्या उभ्या आयुष्यात होणार नाही एवढं काम. तरीही त्या म्हणतात, ख्रिस्त सापडला नव्हता.

याचा मी पुष्कळ विचार केला आहे. तू म्हणशील, नियमात अडकल्यामुळे असं झालं. पण रमाबाई नियमांपुढे मान तुकवणाऱ्यातल्या नव्हत्याच, त्या भांडत होत्या. म्हणजे नियम पाळून ख्रिस्त मिळत नाही, तसा तो नियमांशी भांडूनही मिळत नाही. हे मी मुद्दाम लिहितो आहे. आज ना उद्या त्या फेलोशिपचा तुला वीट येईल, तू वही फेकून देशील, उपास सोडशील, आणि आता मी मोकळी झाले असं तुला वाटेल. कॉलेजात असताना असं करणारी कितीतरी मुलं मी पाहिली. पहिल्यांना पाळण्याचा अभिमान असतो, दुसऱ्यांना न पाळण्याचा.

रमाबाईंना नवं काय कळलं? ऐकायला अगदी साधं आहे. तारण, म्हणजे पापातून सुटका, आधी पात्र होऊन मिळवायचं नसतं, मी आहे तशीच, विनाअट, ख्रिस्ताच्या हवाली व्हायचं. शब्बाथशाळेत, मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गात, हे आपण पाठ करून घेतो, पण त्या विदुषीला ते मनात उतरायला आठ वर्षं लागली. तेव्हा तुला बाविसाव्या वर्षी ते उमगलेलं नाही म्हणून एवढं घाबरू नकोस.

आणि त्यानंतर त्या हात जोडून बसल्या नाहीत. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुलींना घेऊन आल्या, केडगावच्या माळावर त्यांना वसवलं. उतारवयात मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं पवित्र शास्त्र, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत उतरवायला बसल्या. ते केडगावच्याच छापखान्यात छापलं गेलं, 1924 मध्ये. रमाबाई 1922 मध्येच गेल्या होत्या. एवढ्या कष्टाला किती शिस्त लागली असेल! तुझ्या पहाटेच्या तासापेक्षा कितीतरी कडक. फरक असा, की त्या कष्टातून त्यांना देवाकडून काही कमवायचं उरलं नव्हतं.

लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला थोरला मुलगा आठव. सगळं उधळून घरी परतलेल्या धाकट्यावर उपदेश खूप होतात, थोरला अंगणातच उभा राहतो. "इतकी वर्षं मी तुमची सेवाचाकरी करतो आहे, आणि मला कधी एक करडूही दिलं नाही." सगळं शेत त्याचंच होतं, आणि हा रोजंदारीचा हिशेब मांडून बसला होता. बाप त्यालाही समजवायला बाहेर येतो, हे लक्षात ठेव. आणि त्याची तक्रार सुरू कुठं झाली? भाऊ आत पंगतीला बसला, तिथं.

पंगतीचं निघालंच आहे तर अंत्युखिया शहरातल्या मंडळीची, गलतीकरांस पत्रातली हकिकत सांगतो. येशूचा शिष्य पेत्र तिथं परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर, जेवत असे. यरुशलेमहून तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची यहुदी माणसं आली तशी तो घाबरून मागे सरला आणि वेगळा बसू लागला. पौलाचा सोबती बर्णबासुद्धा त्याच्यामागे गेला. पौलानं पेत्राला सर्वांसमोर तोंडावर विरोध केला. पेत्रानं एकही सिद्धांत नाकारला नव्हता, फक्त ताट उचललं होतं. तेवढंच पौलाला सुवार्तेच्या सत्याला सोडून वाटलं. आपल्या मंडळ्यांतून हा उतारा वाचताना मला नेहमी अवघडल्यासारखं होतं. दशांश पैपैनं मोजणारी, उपास काटेकोर धरणारी घरं सोयरीक जुळवताना हळूच विचारतात, 'मूळचे कोण?' तुझ्या फेलोशिपमध्ये टिकलीवर तासभर बोलणं होतं म्हणतेस. या प्रश्नावर कधी पाच मिनिटं झालं का, विचारून बघ.

याच्या उलट लक्ष्मीबाई टिळक. नाशिकजवळच्या जलालपूरच्या, वडिलांचं सोवळं इतकं टोकाचं की घरात येणारी वस्तू धुतल्याशिवाय आत यायची नाही. नवरा, कवी ना. वा. टिळक, 1895 मध्ये ख्रिस्ती झाला, संसार मोडला, काही वर्षांनी त्या परत त्याच्याकडे आल्या, पण आपली चूल आणि आपलं पाणी वेगळं ठेवून. मग एक दिवस त्यांच्याच मनात आलं, की माणसं देवानं केली, जाती माणसानं केल्या. तेव्हापासून त्या कुणाच्याही हातचं खाऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा, 1900 मधला. टिळकांनी सक्ती केली नव्हती, मिशननं अट घातली नव्हती. ख्रिस्ती म्हणवण्याआधीच या बाई अंत्युखियाच्या पेत्राच्या पुढे गेल्या होत्या. असं काही घडतं तेव्हा ते कुठल्याही वहीत लिहिता येत नाही.

तुझी दुसरी तक्रार अशी, की प्रार्थनेत काहीच वाटत नाही, बाकीच्या मुली रडतात, हात वर करतात, तू कोरडी. डोळ्यांत पाणी येणं हासुद्धा त्या वहीतला आणखी एक रकाना करू नकोस. काही माणसांना रडू लवकर येतं, काहींना येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. मी फार रडणाऱ्यातला नाही.

लगेच काही सोडू नकोस. शुक्रवारचा उपास चालू ठेवायचा तर ठेव, पण त्या दिवशीचे जेवणाचे पैसे कुणाच्या तरी पोटात जाऊ देत. खुणा करणं महिनाभर थांबव. पहाट चुकली तर चुकली, रात्री भरपाई करायची नाही. हे तुला सर्वांत जड जाईल. तेव्हा मनात कसली भीती येते ती नीट पाहा आणि तीच प्रार्थनेत बोल, शुद्ध मराठी वगैरे न शोधता. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल म्हणतो, पुन्हा भीती बाळगावी असा दासपणाचा आत्मा तुम्हाला मिळालेला नाही. 'अब्बा, बापा' अशी हाक मारायला लावणारा आत्मा मिळालेला आहे. तो अध्याय तीन अध्यायांच्या कोट्यात न धरता वाच. आणि रूममेटकडे जाऊन सांग, की त्या दिवशी मी उठून गेले ते बरोबर केलं नाही. ती काय म्हणते ते मला कळव.

फेलोशिप सोडायची की नाही, हे मी इथं बसून ठरवणार नाही. तिथले लोक तुझ्या आजारपणात डबा घेऊन आले होते, हे तूच लिहिलं आहेस. त्याचीही किंमत आहे.

दिवाळीच्या सुट्टीत येणार असशील तर एक दिवस मोकळा ठेव. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीनं केडगावला उतर, मी नगरहून तिथं पोचतो. येताना गलतीकरांस पत्र वाचून ये. सहाच अध्याय आहेत, एका बैठकीत होतात. पेत्र चुकला हे कबूल, पण पौलानं त्याला चारचौघांत बोलायला नको होतं, असं आमच्या घरात एका व्यक्तीचं ठाम मत आहे, आणि त्यावरून आमचा वाद अजून मिटलेला नाही. तुझं मत काय पडतं ते ऐकायचं आहे.

तुझे,
शब्बाथशाळेचे सर