पेनड्राइव्हसाठी बिटरेट किती ठेवू?

प्रश्न : बाबांच्या नाट्यसंगीताच्या आणि शास्त्रीयच्या ६० सीडी आहेत, त्या लॅपटॉपवर घेऊन एमपीथ्री करून गाडीसाठी ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर टाकायच्यात. सॉफ्टवेअर १२८, १९२, ३२० असं काय काय विचारतं, त्यातलं काय निवडू? आणि आधीची १२८ ची बरीच गाणी आहेत, ती ३२० केली तर आवाज सुधारेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दुसऱ्याचं आधी सांगतो, नाही सुधारणार. १२८ म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट, हाच बिटरेट; तो करताना आवाजातलं जे टाकून दिलं ते गेलं, आता ३२० केलंत तर फाइल अडीचपट होईल आणि पुन्हा एन्कोड झाल्यामुळे आवाज झालाच तर कणभर खराब होईल, त्यामुळे आहेत तशीच राहू द्या.

आता सीडी. सीडीत सेकंदाला १४११ किलोबिट असतात, मिनिटाला साधारण १० एमबी, आणि १२८ म्हणजे त्याचा अकरावा हिस्सा. इतकं कापायचं तर एन्कोडर (एमपीथ्री बनवणारं सॉफ्टवेअर) मोठ्या आवाजाखाली झाकलं जाणारं बारीकसारीक काढतो, शिवाय १२८ ला बरेच एन्कोडर १६ किलोहर्ट्झच्या वरचं सरळ उडवतात. ते वरचं बाबांच्या वयाला तसंही ऐकू येत नसणार (रागावू नका, आपलंही तेच होणारे). खरी वाट लागते ती तबल्याची, चाटेवरचा (कडेवरचा) कडक 'ना' बोथट होतो, बोलाच्या जरासं आधीच पुसट खरखर पसरते, आणि तानपुऱ्याची जवारी (तारांची झणझण) पाण्याखालून आल्यासारखी वाटते. म्हणून १२८ नकोच.

लेम नावाचा एन्कोडर असेल तर व्हीबीआर (बदलता बिटरेट) घ्या, म्हणजे जिथे गरज तिथे जास्त बिट, नाहीतर कमी. त्यातली व्ही-२ ही दर्जाची पातळी सरासरी १९० च्या आसपास जाते, व्ही-० २४५ च्या. गाडीत इंजिन, हॉर्न, वायपर यांच्यात व्ही-२ आणि ३२० मधला फरक ओळखून दाखवणारा मला तरी भेटायचाय. जुनी मोनो रेकॉर्डिंग्ज जॉइंट स्टिरिओत (डाव्या-उजव्यातलं सारखं एकदाच साठवणाऱ्या पद्धतीत) आणखी कमी जागेत बसतात, पण त्यातली खरखर कॉम्प्रेस करणं अवघड असतं त्यामुळे एखादी फाइल उगाच मोठी झाली तर घाबरू नका. गाडीच्या जुन्या डेकवर (प्लेअरवर) व्हीबीआर गाण्याची वेळ चुकीची दाखवत असेल तर सरळ २५६ फिक्स ठेवा.

पण जागेचा प्रश्नच कुठाय? व्ही-२ ला ३२ जीबीत साडेतीनशे तास मावतात, तुमच्याकडे फार तर ८० तासांचं गाणं असेल, ३२० केलंत तरी निम्मा ड्राइव्ह रिकामाच. म्हणून माझं ऐका, सीडी एकदाच आणि फ्लॅक या फॉरमॅटमध्ये रिप करा (लॅपटॉपवर उतरवा). त्यात काहीच जात नाही, फाइल साधारण निम्मी होते, सगळ्या मिळून २०-२५ जीबी, ते हार्ड डिस्कवर ठेवा आणि गाडीसाठी त्यातून एमपीथ्री काढा, कारण बऱ्याच गाड्यांचे डेक फ्लॅक वाजवत नाहीत. उद्या फॉरमॅट बदलावा लागला तरी बाबांच्या सीडी परत काढायला नकोत.

राग, गायक, नाटकाचं नाव हे टॅग (फाइलसोबतची माहिती) फ्लॅकवरच भरून घ्या, कन्व्हर्ट करताना एमपीथ्रीत आपोआप उतरतात. फक्त एक फाइल आधी डेकवर लावून बघा, काही डेक देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दाखवतात.