स्पर्धा आत्ताच नको

सोलापूर, रविवार

प्रिय मुली,

तुझं पत्र आणि क्लबचा आराखडा, दोन्ही वाचलं. तुम्ही कॉलेजातली पोरं-पोरी मिळून पूर्व भागातल्या वस्तीत दर रविवारी मुलांचे खेळ घेणार, हे ऐकून बरं वाटलं. पण आराखड्याचं पहिलंच पान स्पर्धेचं आहे. टी-शर्टचा रंग, ढाली, उद्घाटनाला कोणाला बोलवायचं. ते पान तूर्त बाजूला ठेव. स्पर्धा भरवली की मुळात चपळ असलेली पोरं खेळतात आणि बाकीची टाळ्या वाजवतात. तुमचा क्लब त्या टाळ्या वाजवणाऱ्यांसाठी निघावा, असं माझं मत आहे.

पहिल्या रविवारी शिट्टी खिशातच राहू दे. थोडा वेळ नुसतं बघ. कडेला एखादी नऊ-दहा वर्षांची मुलगी दिसेलच, धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी. आई घरी मांडीवर सूप घेऊन विड्या वळतेय, म्हणून पोर हिच्याकडे. तिला ‘ये की खेळायला’ म्हणून काही उपयोग नाही. भावाला ठेवणार कुठे? तुमच्यातल्या दोघांनी सतरंजी अंथरून लहानग्यांचा कोपरा सांभाळला तर ती येईल. तिथं रिकामे डबे, वाट्या, चमचे पुरे. तोंडात घालून गिळता येईल असं बारीक काही नको. काम कंटाळवाणं आहे आणि फोटोत येत नाही, त्यामुळे ते आपोआप मुलींच्या गळ्यात पडेल. पडू देऊ नकोस. पाळ्या लाव, आणि पहिली पाळी मुलांची.

खेळ निवडताना मी एकच गोष्ट बघत आलोय: बाद झालेलं मूल किती वेळ बसून राहतं. संगीत खुर्चीत सगळ्यात हळू पोर सगळ्यात आधी बाहेर जातं आणि शेवटपर्यंत बाहेरच राहतं. विषामृतात तसं होत नाही. विष मिळालं की जागेवर थिजायचं, कुणी येऊन अमृत दिलं की पुन्हा पळायचं. पळायची खुमखुमी असताना स्वतःला रोखून धरणं सहा-सात वर्षांच्या मुलाला सोपं नसतं, आणि नेमकं तेच तिथं हसतखेळत अंगवळणी पडतं. लंगडीनं तोल येतो, पिंढऱ्या भरतात. लगोरीला सात ठिकऱ्या आणि एक चेंडू, बस्स. चेंडूही विकत आणू नका. आपल्या गावात चिंध्यांना काय तोटा? कुठल्याही शिलाई कारखान्याच्या दारात पोतं भरून मिळतील. चिंध्यांचा चेंडू घट्ट सुतळीनं बांधायला मुलांनाच शिकवा. लागला तरी कुणी रडत नाही.

एक सोय आपल्या खेळांत जुनीच आहे, कच्च्या लिंबाची. चार-पाच वर्षांच्या पोराला ती बरी. राज्य न घेता मोठ्यांत बागडतं. पण दहा वर्षांच्या जाडसर पोराला कुणी महिनोन् महिने कच्चा लिंबू ठेवलं तर ते हळूहळू यायचंच बंद होतं. त्याला लगोरी रचायला बसव. तिथं पायांपेक्षा हात स्थिर लागतो.

खो-खो मागतील, नक्की मागतील. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि भारताच्या पुरुष व महिला, दोन्ही संघांनी तो जिंकला. महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे आपल्या महाराष्ट्राची. मुलींना हे आवर्जून सांग. पण खो-खोत एका वेळी आठ जणं पाटीवर बसलेली असतात आणि पळणारे तिघंच. चाळीस पोरं जमली असतील तर दोन छोटी मैदानं फक्कीनं आखा, नाहीतर निम्मी पोरं आपसात मारामाऱ्या करत बसतील.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी. तुमचा रविवारचा तास त्याला कुठे पुरणार? म्हणून साहित्य पिशवीत भरून घरी नेणारा क्लब मला पटत नाही. सोमवारी संध्याकाळी तुमच्यातलं कुणी नसताना गल्लीत लगोरी लागली पाहिजे. ठिकऱ्या आणि चेंडू तिथंच कुणाच्या तरी ओट्यावर राहू देत. हरवले तर हरवले.

पूर्व भागातल्या बऱ्याच घरांत तेलुगू बोलतात; कुठं कन्नड, कुठं दख्खनी. नियम मराठीत सांगून मुलं गप्प राहिली तर त्यांना समजलं असं धरू नकोस. तेलुगू येणारी दोघं तरी तुमच्यात हवीतच.

आता उन्हाचं. मार्चनंतर सकाळी आठच्या आत खेळ आटपायचा. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा हौस उपयोगाची नाही. पाणी आपलं आपण न्यायचं. जिथं नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथं चाळीस पोरांसाठी कुणाच्या दारात घागर मागणं बरं दिसत नाही.

मैदानासाठी जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना कॉलेजच्या लेटरहेडवर अर्ज द्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेला मैदान असावं असं सांगितलंय, पण रविवारी फाटकाला कुलूप असतं. किल्ली कोणाकडे राहील, मूल पडलं-झडलं तर जबाबदारी कोणाची, हे अर्जातच लिहा. बहुतेक नकार तिथूनच येतात. कुठल्याही मुलासोबत तुमच्यातलं एकटं कुणी आडोशाला जाणार नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून, अपवाद न करता. पालकांना विचारल्याशिवाय मुलांचे रील टाकायचे नाहीत.

सेमिस्टरच्या परीक्षा आल्या की तुम्ही सगळे एकदम गायब होणार, हे मला आत्ताच दिसतंय. वेगवेगळ्या वर्षांची, वेगवेगळ्या शाखांची पोरं घ्या, म्हणजे कुणी ना कुणी मोकळं असेल. तरी एखादा रविवार चुकणार असेल तर आदल्या आठवड्यात मुलांना तोंडी सांगून या. ती वाट बघतात.

अर्जाचा मसुदा पाठव, मी नजर टाकतो. आणि तेलुगू येणारं कोण कोण आहे ते कळव; नसेल कुणी, तर माझे दोन जुने विद्यार्थी त्याच भागात राहतात, त्यांना विचारून बघतो.

तुझे
पीटीचे सर