67ची कॉर्व्हेट पहिल्याच वर्षी घ्यावी का?

नमस्कार,

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पिंपरी-चिंचवडची नोकरी सोडून एच-वन-बीवर डेट्रॉइटजवळ ट्रॉयला येताय, सोबत बायको आणि सात वर्षांची मुलगी. तिथल्या जाहिरातींत 1967ची कॉर्व्हेट स्टिंग रे कन्व्हर्टिबल (शेवरलेची टप उघडणारी स्पोर्ट्स कार) दिसली, 327 घनइंचाचं इंजिन, चार गिअर, ‘फ्रेम-ऑफ रिस्टोरेशन, नंबर्स मॅचिंग’. आल्या आल्या घेऊन टाकावी का? व्हिसा, बँक, सोशल सिक्युरिटी नंबर हे सगळं सरकारी साइटवर आहे, ते इथे उगाळत नाही. गाडी भारतात नेण्याचे नियमही तिथेच वाचा. मी गाडीबद्दल लिहितो. या प्रश्नाने मला जरा अस्वस्थ केलंय, त्यामुळे भरकटलो तर सांभाळून घ्या.

आधी ‘नंबर्स मॅचिंग’, म्हणजे गाडीत कारखान्यातलंच मूळ इंजिन असल्याचा दावा. त्या वर्षीच्या गाडीत व्हीआयएनची, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाची पट्टी ग्लोव्ह बॉक्सच्या खाली आडव्या पट्टीवर असते. कन्व्हर्टिबलचा नंबर 194677एस असा सुरू होतो. इथे बरेच जण फसतात. यातला 67 म्हणजे साल नव्हे, ती बॉडीची खूण. कूपेला, म्हणजे बंद टपाच्या गाडीला, तिथे 37 येतं. सालाचा आकडा त्यानंतरचा 7, आणि एस म्हणजे सेंट लुइसचा कारखाना. मग बॉनेट उघडा. ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या बाजूचं सिलिंडर हेड जिथे संपतं, त्याच्या पुढ्यात ब्लॉकवर एक छोटी सपाट जागा आहे. ती चिंध्या आणि थिनरने पुसा, घासू मात्र नका. तिथे 7 आणि व्हीआयएनचे शेवटचे सहा आकडे हवेत, आणि 300 हॉर्सपॉवर, मॅन्युअल गिअर असेल तर तिथल्याच दुसऱ्या शिक्क्याच्या शेवटी ‘एचई’ हवं. आकडे जुळले तरी थांबा. कारखान्यात ती जागा ब्रोचिंगने (दातेरी हत्याराने तासून) सपाट केलेली असे, त्याच्या बारीक समांतर रेघा भिंगाखाली दिसतात. इंजिन दुरुस्तीत ब्लॉक वरून घासला की रेघा जातात, आणि मग आकडे कोणीही ठोकू शकतो. रेघा नाहीत आणि आकडे मात्र कोरे करकरीत, तर दुसरं इंजिन समजून किंमत लावा. ब्लॉकच्या मागच्या अंगाला ओतकामाची तारीखही असते: ‘बी 14 7’ म्हणजे 14 फेब्रुवारी 1967. ही तारीख गाडी तयार होण्याच्या आधीची हवी, नंतरची असेल तर बोलणंच खुंटलं. चालवायलाच गाडी हवी असेल तर मूळ इंजिन नसलेली घ्या, माझं स्पष्ट मत आहे. फक्त पैसे मूळ इंजिनाचे देऊ नका.

बॉडी फायबरग्लासची. पुण्यात आपण लोहचुंबक लावून पत्र्यावर भरलेली लांबी (पुट्टी) शोधतो, इथे तो निव्वळ खेळणं ठरतो. चाकाच्या कमानीत हात घालून पॅनेलची आतली बाजू चाचपा. कारखान्याचं पॅनेल साच्यात दाबलेलं, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत; नंतर बदललेलं पॅनेल बहुतेक वेळा हाताने थर देऊन केलेलं, आतून खरखरीत. पुढच्या फेंडरच्या जोडांमागे चिकटवलेल्या पट्ट्या असतात. त्या नसतील तर पुढचा भाग कधीतरी आपटलाय.

खरा राक्षस फायबरच्या आत. दारं, काच आणि टपाचा भाग पेलणारा पोलादी सांगाडा, इथे त्याला ‘बर्डकेज’ म्हणतात. फायबर गंजत नाही, म्हणून वरून काही कळत नाही. पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातून पाणी शिरतं, सांगाड्याच्या पायाशी साचतं आणि तो आतून कुजतो. पायाजवळचं बाजूचं पॅनेल चार स्क्रू काढून सोडवा, बॅटरी मारून बघा. तांबड्या पापुद्र्यांचा ढीग दिसला की नमस्कार करून निघा. विकणारा स्क्रू काढू देत नसेल तरी निघा. चासी बघताना मागच्या चाकांच्या पुढे जिथे ती वर वळते तो भाग, आणि ट्रेलिंग आर्म (मागचं चाक धरणारा दांडा) ज्या खोबणीत बसतो ती खोबण टोकदार हातोडीने ठोकून बघा. टणक आवाज हवा. बॉडी खरंच चासीवरून उचलली होती तर तेव्हाचे फोटो असणारच. फोटो नाहीत म्हणजे ‘फ्रेम-ऑफ’ हा शब्द तेवढा जाहिरातीत आहे.

ब्रेकबद्दल सविस्तर लिहितो, कारण चकचकीत रिस्टोअर केलेल्या गाड्या इथेच नापास होतात. चारी चाकांना डिस्क, प्रत्येक कॅलिपरला चार पिस्टन. ब्रेक ऑइल पाणी शोषतं, बिडाच्या कॅलिपरच्या आत खड्डे पडतात, ऑइल गळतं. त्यावर उपाय स्टेनलेसच्या स्लीव्ह, आणि त्या बसवल्याचं बिल मागा. पण दुसरा रोग जास्त छळतो. कारखान्यात डिस्क रिव्हेटने हबला जोडून मग एकत्र मशीन करत. दुरुस्तीवाला रिव्हेट पाडून नवी डिस्क नुसती अडकवतो. डिस्क डगमगते, पिस्टन पुढेमागे होतात, त्यांच्या सीलमधून हवा आत ओढली जाते. लक्षण ठरलेलं: ब्लीड केल्यावर (ऑइलमधली हवा काढल्यावर) पेडल कडक, थोड्या दिवसांत पुन्हा मऊ, आणि ऑइल कुठेच गळत नाही. डायल गेज सोबत न्या. डिस्कचा डगमग तीन थाऊच्या आत असेल तर उत्तम, पाचच्या वर गेला तर शिम (पातळ पत्रा) घालून डिस्क पुन्हा बसवण्याचा खर्च किमतीतून वजा करा. तुम्ही शॉप फ्लोअरवरचे, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग हे सांगायला नको.

बाकीचं भराभर. मागच्या चाकांच्या बेअरिंगना ग्रीस निपल नाही, ती उघडूनच भरावी लागतात, म्हणून ‘सगळं केलंय’ असं सांगितलं तर बिलात बेअरिंग शोधा. फायबरमधून अर्थिंग मिळत नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याला वेगळी अर्थची तार आहे. दिवे मिचमिचले तर आधी ती बघा. इंजिनचे टॅपेट जुन्या पद्धतीचे, त्यांना जास्त झिंकवालं ऑइल लागतं. आपण पोचायच्या आधी इंजिन तापवून ठेवू नका असं विकणाऱ्याला बजावा, आणि गेल्यावर बॉनेटवर हात ठेवून खात्री करा.

आता कागद. टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या दाखल्यावर, विकणाऱ्याचं नाव आणि समोर उभ्या माणसाचं नाव एकच हवं. मधल्या मालकाने टायटल स्वतःच्या नावावर न करताच पुढे ढकललेलं असेल तर त्या भानगडीत पडू नका. जुनं कर्ज फेडल्याचा कागद हवा. मिशिगनमध्ये व्यवहारावर 6 टक्के यूज टॅक्स बसतो. आणि आपल्या नावाचं रडगाणं: पासपोर्टवर वडिलांचं नाव मधलं नाव झालेलं, लायसन्सवर नुसतं अक्षर, विम्यावर तिसरंच काही. एका खिडकीवर चाललं ते दुसऱ्या खिडकीवर चालत नाही, आणि कुठेच कोणी चुकलेलं नसतं. पहिल्या दिवशीच एक स्पेलिंग ठरवा, सगळीकडे तेच ठोका. विमा ‘अ‍ॅग्रीड व्हॅल्यू’चाच, म्हणजे भरपाईची रक्कम आधीच ठरवलेला, घ्या. ‘स्टेटेड व्हॅल्यू’ ऐकायला तसाच वाटतो, पण भरपाईच्या वेळी कंपनी कमी रक्कम देऊ शकते. क्लासिक गाडीचा विमा देणारे बहुधा बंद गॅरेज, रोजच्या वापराला दुसरी गाडी आणि काही वर्षांचा इथला ड्रायव्हिंग रेकॉर्ड मागतात. भारतातली पंधरा वर्षं त्यात धरतील या भरवशावर राहू नका.

गॅरेजचं गणित शाळेशी जोडलेलं आहे. चांगल्या शाळेच्या हद्दीत परवडणारं म्हणजे अपार्टमेंट, आणि अपार्टमेंटला मिळतं पार्किंग. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, गाडी उघड्यावर ठेवली तर वर लिहिलेलं सगळं पाण्यात. शाळेचा विषय निघालाच आहे तर: प्रवेशाच्या फॉर्मवर घरी कोणती भाषा बोलता असं विचारतात. मराठी लिहिलं की मुलीची इंग्रजीची चाचणी होते, ती फाडफाड बोलत असली तरी. तिला वेगळ्या वर्गात बसवलं तर लेखी कारण मागा, पुन्हा चाचणी कधी तेही लेखी घ्या. इंग्रजी लिहून मोकळे होणारे बरेच आहेत. मी त्यांना हसत नाही. पण एक रकाना वाचवायला आपण काय खोडतोय, हे मला अजून सलतं. तुम्ही मराठीच लिहा. आणि कॉर्व्हेटला सीट दोनच, डिकीला बाहेरून झाकण नाही. तिघांपैकी घरी कोण थांबणार?

नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची, व्हिसाचा दर्जा बदलायचा नाहीतर निघायचं. क्लासिक गाडी वसंतात विकली जाते. फेब्रुवारीत, बर्फात, साठ दिवसांत विकायला निघालात की समोरच्याला तुमची घाई लगेच कळते. ग्रीन कार्डाच्या रांगेत असताना ही गाडी घेऊ नका असं माझं मत याच हिशोबावर आहे.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. जानेवारीत जास्त.

तरी एक सांगतो. अशी गाडी पेट्रोल पंपावर उभी केली की अनोळखी माणसं आपणहून जवळ येतात. ‘कोणत्या सालची?’ विचारतात. ‘मूळचे कुठले?’ हा प्रश्न तेव्हा कोणी विचारत नाही. माझ्या मते आपल्यासारख्यांना गाडी नको असते, हे पंपावरचं बोलणं हवं असतं. मग ब्रेकचा डगमग डायलवर मोजून काय उपयोग, असंही कधीकधी वाटतं.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असते, 1995पासून. ट्रॉयपासून जवळच. मिशिगनच्या ऐतिहासिक नंबरप्लेटवर एरवी गाडी प्रदर्शनं, परेड, क्लबचे कार्यक्रम एवढ्यासाठीच काढता येते, ऑगस्टभर मात्र मोकळीक असते, त्यामुळे सगळे बाहेर पडतात. घडीच्या खुर्च्या, पाणी, मुलीला टोपी. फूटपाथवर सकाळी लवकर जागा धरा, बॉनेट उघडून उभे असलेल्यांशी बोला, इंजिनवरचे आकडे बघू द्याल का विचारा. खूश होऊन दाखवतात. हे सगळं दुसऱ्यांच्या गाड्यांखाली झोपूनच शिकलेलं आहे. माझ्या दारात मिनीव्हॅन आहे, आणि मीही खुर्चीच घेऊन जातो.