रासायनिक अपघातातील जखमींचे ट्रायज परिचारिकांना कसे शिकवावे?

आपला प्रश्न असा आहे की, ज्या परिचारिकांना रस्ते-अपघातातील जखमींचे ट्रायज, म्हणजे कोणावर आधी उपचार करायचे हे ठरवणारी वर्गवारी, उत्तम जमते, त्यांना रासायनिक अपघातासाठी वेगळे प्रशिक्षण लागते का, आणि लागत असल्यास त्याची सुरुवात कोठून करावी. वेगळे प्रशिक्षण निश्चित लागते. अनेक वर्षे परिचारिकांना हा विषय शिकवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, त्याची सुरुवात रुग्णालयाच्या दारापासून करावी. तातडीच्या रुग्णाला लाल, थोडे थांबू शकणाऱ्याला पिवळी, किरकोळ त्रास असलेल्याला हिरवी आणि मृत किंवा वाचण्याची आशा नसलेल्याला काळी, या पट्ट्या त्यानंतर येतात.

टोकियोच्या भुयारी रेल्वेत २० मार्च १९९५ रोजी सारिन हा विषारी पदार्थ सोडण्यात आला, तेव्हा सेंट ल्यूक्स या एकाच रुग्णालयात पहिल्या दिवशी ६४० रुग्ण आले, आणि त्यांतील बहुतेक जण रुग्णवाहिकेची वाट न पाहता चालत किंवा मिळेल त्या वाहनाने पोहोचले होते. सुरुवातीला रसायन कोणते हेच ठाऊक नसल्याने रुग्णांना तसेच आत घेतले गेले, आणि त्यांच्या कपड्यांतून निघणाऱ्या वाफेचा त्रास कर्मचाऱ्यांनाही झाला. म्हणून माझ्या वर्गात पहिला सराव दाराबाहेर होतो. कपडे उतरवल्यानेच अंगावरील रसायनाचा मोठा भाग जातो. मात्र ते डोक्यावरून ओढून न काढता कापून काढावेत, कोरडी भुकटी असल्यास ती आधी अलगद झाडावी आणि मग भरपूर पाण्याने अंग धुवावे. धुण्याच्या रांगेत कोणाला पुढे घ्यायचे हा निर्णयसुद्धा ट्रायजच आहे, हे बहुतेकींच्या लक्षात येत नाही. ज्याचा श्वास अडतो आहे त्याचा श्वासमार्ग मोकळा करणे किंवा प्रतिविष देणे मात्र धुणे संपेपर्यंत लांबवता येत नाही, आणि ते काम संरक्षक पोशाख घातलेल्या चमूनेच करायचे असते.

नेहमीच्या पद्धतीत चालू शकणाऱ्याला हिरवी पट्टी मिळते. उरलेल्यांचा श्वसनाचा वेग मिनिटाला ३० पेक्षा अधिक आहे का, नखावर दाब दिल्यावर रंग दोन सेकंदांत परततो का आणि साधी सूचना समजते का, हे पाहिले जाते. रासायनिक अपघातात हीच हिरवी पट्टी सर्वांत फसवी ठरते. फॉस्जीन हा विषारी वायू श्वासावाटे गेलेला माणूस थोडासा खोकत, बोलत-चालत येतो आणि काही तासांनी त्याच्या फुप्फुसांत पाणी साचू लागते. त्याला घरी पाठवणे किंवा सामान उचलायला लावणे, दोन्ही घातक. याउलट, सारिन किंवा त्याच्यासारखाच परिणाम करणाऱ्या कीटकनाशकांच्या वाफेमुळे डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, एवढ्यावरून कोणी लाल ठरत नाही. लाळ, घाम, छातीतील घरघर, स्नायूंचे फडफडणे आणि झटके यांकडे पाहावे लागते. ॲट्रोपिन या प्रतिविषाची मात्रासुद्धा बाहुल्यांवरून न ठरवता छातीतील स्राव सुकला का, श्वास सुलभ झाला का यावरून ठरवतात. कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेत रक्तातील ऑक्सिजन मोजणारे बोटावरचे ऑक्सिमीटर रुग्ण धोक्यात असतानाही चांगला आकडा दाखवते, हेही जाता जाता सांगून ठेवावे.

सराव संपूर्ण पोशाखात झाला नाही तर तो झालाच नाही असे मी समजते. जाड हातमोज्यांतून मनगटावरची नाडी लागत नाही, मुखवट्यातून आवाज पोहोचत नाही आणि काच धुकटते. आमच्या एका सरावात अत्यंत अनुभवी परिचारिकेने नाडी लागत नाही म्हणून ठणठणीत स्वयंसेवकाला काळी पट्टी बांधली होती! तेव्हापासून मी दुरून दिसणाऱ्या खुणा वाचायला शिकवते: छाती किती वेगाने हलते आहे, माणूस एका दमात पूर्ण वाक्य बोलतो का, चाल डळमळते का. सूचना बोलण्याऐवजी मोठ्या चित्रफलकांवरून देतो. पट्टीवर रंगासोबत वेळ लिहिण्याची आणि ठरावीक अंतराने त्याच रुग्णाकडे परत जाण्याची सवयही याच सरावात लावतो, त्यातही हिरव्या रांगेत सर्वांत अनुभवी परिचारिकेला उभे करून.