आर्नी मॅग्नुसनचा संग्रह जळाला नाही, आणि बाडं सोडवू नका

प्रश्न असा आहे: हस्तलिखितं जमवणारा आइसलँडचा विद्वान आर्नी मॅग्नुसन, त्याची जुनी आइसलँडिक हस्तलिखितं १७२८ च्या कोपनहेगनच्या आगीत जळाली, मग आज दाखवतात ती कुठली? आणि घरातली जुनी बाडं त्याच्यासारखी विषयवार लावावीत का?

‘जळाली’ हे ऐकून ऐकून कंटाळा आलाय. जळाली ती मुख्यतः त्याची छापील पुस्तकं. आग आपल्यापर्यंत पोचणार नाही या समजुतीत त्याने हलवाहलव उशिरा सुरू केली, तरी बहुतेक हस्तलिखितं बाहेर निघाली. १९७१ ते १९९७ या काळात त्यातली निम्म्याहून जास्त डेन्मार्कने आइसलँडला परत दिली, उरलेली अजून कोपनहेगनमध्ये आहेत.

नुकसान झालं ते असं. एका सागाची (जुन्या आइसलँडिक गद्यकथेची) काही चामडी पानं स्टॉकहोमहून उसनी आणली होती. आर्नीचा लेखनिक योन ओलाफसन याने त्यांची नक्कल केली. पानं आणि नक्कल एकाच घरात, दोन्ही गेली. मग योनने आठवेल तसं लिहून काढलं. गोष्ट राहिली, शब्द गेले. मूळ प्रतीच्या शेजारीच ठेवलेल्या नकलेचा आगीत उपयोग शून्य. तुमचे स्कॅनही दुसऱ्या घरात ठेवा.

आता विषयवार लावण्याचं. अजिबात नको. आर्नीने सतराव्या शतकातली कागदी बाडं सोडवून मजकुराप्रमाणे वेगळी केली. एकाच पानावर एक कृती संपून दुसरी सुरू होत असली, तर तेवढा तुकडा नव्या कागदावर उतरवून घ्यायचा आणि मूळ ओळींवर काट मारायचा. ती बाडं मुळात कशी होती हे आज अभ्यासक जुळवत बसतात, आणि ते जमतं बरंचसं त्याच्याच चिठ्ठ्यांमुळे: प्रत कोणाकडून आली, कधी आली, कशासोबत बांधलेली होती. मला विचाराल तर त्याचं खरं काम त्या चिठ्ठ्याच.

म्हणून शिवणीला हात लावण्याआधी पानं मोजा, कोरीसुद्धा. वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात २बी पेन्सिलीने आकडा घाला. बॉलपेनची शाई पाठीमागे उमटते, सेलोटेप काही वर्षांत तपकिरी होऊन कागद खातो. पाठपोट फोटो घ्या, शिवणीच्या भोकांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. पुठ्ठा आणि आतलं अस्तर टाकू नका. आर्नीच्या संग्रहात एका बिशपच्या टोपीला ताठपणा यावा म्हणून कापून घातलेली हस्तलिखिताची पानं आहेत!

विषय सूचीत लिहा, कपाटात नाही. एका परिचितांशी यावरून माझा कित्येक वर्षं वाद आहे. ‘वाचकाला सोयीचं’ हे त्यांचं पालुपद. वाचकाला सूची द्या की, बाड कशाला फाडता?

हां, पानं आधीच सुटी असतील आणि कुठल्या बाडातली ते कळतच नसेल, तर लावा विषयवार. फक्त कुठल्या पेटीत, कशाखाली सापडली, ती चिठ्ठी आधी घाला.