डिमर चांगला आहे, रिमोट चालत नाही. मग चूक कोणाची?

प्रश्न : आम्ही नाशिकला गंगापूर रोडला राहतो. २०१६ साली घरातले दिवे रिमोटवर करून घेतले होते. तीन वर्षांपूर्वी यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हापासून उशाशी ठेवलेल्या रिमोटवरच त्यांची रात्र निघते. दुसऱ्या बटणावर मी टिकली चिकटवली आहे, अंधारात ती बोटाला लागते. दिवाळीआधी रंगकाम काढलं, तेव्हा दोन डिमर (दिव्याचा उजेड कमी-जास्त करणारी बटणं) गेलेले होते म्हणून चारही बदलले. एम. जी. रोडवरच्या दुकानदाराला मी व्हॉट्सॲपवर आधीच विचारलं होतं, 'आमचे जुने रिमोट चालतील ना? ह्यांना मोबाइल जमत नाही.' त्याचं उत्तर आलं, 'हो काकू, सगळे चालतील.' चार डिमर, एक हब (सगळ्यांना एकमेकांशी जोडणारा मधला डबा) आणि मजुरी मिळून बिल ४६,५०० रुपये झालं. त्यातले ५,५०० मी अजून दिलेले नाहीत. आता दिवे भिंतीवरून लागतात, मोबाइलवरून लागतात, रिमोटवरून लागत नाहीत. मुलीने अमेरिकेहून आणलेला तिसरा रिमोटही लागत नाही. दुकानदार म्हणतो, माल चांगला आहे, परत घेणार नाही. नवे रिमोट घ्या, २८,००० होतील. मी काय करू?

उत्तर : ताई, माल चांगला आहे हे दुकानदाराचं म्हणणं खरं आहे. डिमर प्रयोगशाळेत पाठवला तर तिथूनही तोच अहवाल येईल. म्हणून 'डिमर खराब निघाला' असा शब्द तक्रारीत कुठेही लिहू नका. तो लिहिलात की दुकानदार मालाची तपासणी मागेल, आणि तपासणीत तुम्ही हराल.

तुमची बाजू दुसरीकडे भक्कम आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधल्या कलम २(१०) मध्ये 'दोष' म्हणजे काय ते सांगितलं आहे. वस्तू मोडकी असणं एवढाच त्याचा अर्थ नाही. विक्रेत्याने वस्तूबद्दल कोणत्याही प्रकारे जो दावा केला, त्याला ती उतरत नसेल तर तीही सदोषच. 'कोणत्याही प्रकारे' यात व्हॉट्सॲपवरची एक ओळही येते. कारागिराच्या दृष्टीने डिमर ठणठणीत आहे, पण 'सगळे चालतील' या शब्दाला तो उतरलेला नाही. तुमचा सगळा दावा या दोन शब्दांवर उभा आहे.

त्याला जोड आहे मालविक्री कायदा, १९३० च्या कलम १६ ची. वस्तू कशासाठी हवी आहे हे गिऱ्हाइकाने आधी सांगितलं आणि दुकानदाराच्या जाणकारीवर विसंबून ती घेतली, तर ती त्या कामाला उपयोगी पडलीच पाहिजे, अशी अट कायदा स्वतःहून घालतो. याच कलमात दुकानदाराला एक पळवाटही आहे. गिऱ्हाइकाने स्वतः कंपनीचं नाव घेऊन 'हाच द्या' म्हटलं असेल, तर ही अट लागू होत नाही. तुमच्या संभाषणात कंपनीचं नाव पहिल्यांदा दुकानदाराने काढलं आहे. तुम्ही फक्त रिमोटचं आणि यजमानांच्या हाताचं सांगितलं होतं. म्हणून तो संदेश एकटा दाखवू नका, वरखालचं सगळं संभाषण जसंच्या तसं जपा. फोन बदलू नका, काही पुसू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते मूळ फोन हाताशी असला की सोपं जातं.

आता नोटिशीआधी एक गोष्ट करा, आणि ती का करायची हेही सांगतो. करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ खाली नुकसान मोजताना, ते टाळण्याचा साधा उपाय उपलब्ध होता का, हेही पाहिलं जातं. तुम्ही पाठवलेले खोक्यांचे फोटो मी या कामातल्या एका माहितगाराला दाखवले. तुमचे जुने रिमोट आणि नवे डिमर दोन्ही झेड-वेव्ह या एकाच बिनतारी पद्धतीचे आहेत. मग अडतं कुठे? एक म्हणजे प्रत्येक झेड-वेव्ह जाळ्याला स्वतःचा ओळख क्रमांक असतो. दुकानदाराने नवे डिमर नव्या हबच्या जाळ्यात घेतले, रिमोट मात्र २०१६ च्या जुन्याच जाळ्यात राहिले. दुसरं, एप्रिल २०१७ पासून प्रमाणित होणाऱ्या झेड-वेव्ह उपकरणांना एस-२ ही सुरक्षा सक्तीची झाली. त्या सुरक्षेसह जोडलेला डिमर तीच भाषा बोलणाऱ्याचं ऐकतो. तुमच्या रिमोटला ती भाषा येत नाही.

याला तोडगा आहे. जुने रिमोट त्यांच्या जाळ्यातून काढून नव्या हबमध्ये घ्यायचे, आणि डिमर हबमधून काढून एस-२ शिवाय पुन्हा जोडायचे. बहुतेक हबमध्ये ही सोय असते. नाही तर रिमोटची आज्ञा हबने घ्यायची आणि हबने डिमरला द्यायची. सुरक्षेविना जोडणी दिव्यांपुरती ठीक आहे. पुढेमागे दाराचं कुलूप यावर घेतलंत, तर त्याला मात्र ती तडजोड करू नका. हे दोन-तीन तासांचं काम आहे, २८,००० रुपयांचं नाही. दुकानदाराला हे ठाऊक असून त्याने नवे रिमोट पुढे केले असतील, तर महत्त्वाची माहिती दडवणं हीसुद्धा कलम २(११) प्रमाणे सेवेतली त्रुटी आहे. पण ठाऊक असून दडवली हे सिद्ध करावं लागतं. म्हणून मी हा मुद्दा नोटिशीत घालेन, त्याच्यावर मदार ठेवणार नाही.

तर त्याला लेखी कळवा : वरच्या दोनपैकी कोणताही उपाय सात दिवसांत स्वखर्चाने करून द्या, जमत नसेल तर डिमर आणि हब काढून न्या आणि पैसे परत करा. स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती ठेवा. याच मजकुराची प्रत व्हॉट्सॲपवरही टाका.

अमेरिकेचा रिमोट तक्रारीतून पूर्ण वगळा. तिथली झेड-वेव्ह उपकरणं ९०८.४ मेगाहर्ट्झवर बोलतात, भारतातली ८६५.२ वर. तो तुमच्या डिमरशी कधीच बोलणार नाही, आणि त्याबद्दल दुकानदाराने शब्दही दिलेला नव्हता. एक पोकळ मुद्दा घातला की समोरचा वकील दिवसभर त्याच्याभोवतीच फिरतो आणि खरा मुद्दा मागे पडतो. जिल्हा न्यायालयात मी हे वारंवार पाहिलं आहे.

अडवलेल्या ५,५०० रुपयांबद्दल तुम्हाला अपराधी वाटतं, असं पत्रावरून जाणवलं. तसं वाटू देऊ नका. मालविक्री कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे विक्रेत्याने हमी मोडली, तर गिऱ्हाईक किमतीतून कपात मागू शकतं. पण गप्प राहून अडवू नका. 'रिमोट चालू झाल्याच्या दिवशी देईन' असं त्याच पत्रात लिहा. लिहिलंत तर तो हक्क दिसतो, न लिहिता ठेवलंत तर थकबाकी दिसते.

सात दिवसांत काहीच हललं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, मराठीत बोललात तरी चालतं. त्यानेही भागलं नाही तर नाशिकचा जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते, वकील लावलाच पाहिजे असं नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. कंपनीला प्रतिवादी करू नका; तिने तुम्हाला काही सांगितलेलं नाही, आणि तिच्या वकिलांच्या तारखांपायी तुमचंच प्रकरण लांबेल. आयोगाने मध्यस्थी सुचवली तर नाही म्हणू नका. तुम्हाला निकालापेक्षा रात्री लागणारा दिवा लवकर हवा आहे.

मागणीत पैशांबरोबर मनस्तापाची भरपाईही लिहा आणि तिचं कारण नेमकं सांगा. 'मोबाइलवरून तर लागतो' हे दुकानदाराचं सगळ्यात मोठं उत्तर असणार आहे. थरथरत्या बोटांनी रात्री दोन वाजता फोनचं कुलूप उघडता येत नाही, हे प्रतिज्ञापत्रात तुमच्याच शब्दांत येऊ द्या.

आणि कारागिराने डिमरला हात लावण्याआधी एक व्हिडिओ करा, कारण जोडणी बदलली की आजची स्थिती पुन्हा दाखवता येणार नाही. खोलीतला दिवा बंद. यजमान टिकलीचं बटण दाबतात, दिवा लागत नाही. मग तुम्ही भिंतीवरचं बटण दाबता, दिवा लागतो. मधे कुठेही न थांबवता, एकाच दमात.